ट्रॅक्टर बंद पडतो, तेव्हा डिझेल नेमके अडते कुठे?

जूनचा पहिला दमदार पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, की शेतकऱ्याच्या हाती पेरणीसाठी मोजकेच दिवस असतात. नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टर सुरू होईनासा होतो, किंवा सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटांत गप्प बसतो. मग पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या थोरल्या भावाला गावाकडून फोन येतो, 'दादा, मिस्त्री म्हणतोय पंप गेला. उतरवून तालुक्याला न्यावा लागेल. पैसे पाठव.' दादा पैसे पाठवतो. पंप उतरतो, तालुक्याच्या दुकानात रांगेत पडून राहतो, काही दिवसांनी परत येऊन बसतो आणि तोवर वाफसा निघून गेलेला असतो. अनेकदा दोष पंपात नसतोच. तो असतो टाकीच्या झाकणात, जुन्या रबरी नळीत किंवा काही रुपयांच्या तांब्याच्या वायसरमध्ये.

शहरी वाचकालाही हा विषय अगदीच परका नाही. गावाकडे सामाईक शेती आणि सामाईक ट्रॅक्टर असलेली कुटुंबे शहरांत थोडीथोडकी नाहीत. शिवाय वीज गेल्यावर सोसायटीची लिफ्ट चालवणारा जनरेटर हाही त्याच जातीच्या इंजिनावर चालतो. महिनोन्महिने उभा राहून ऐन वेळी दगा देण्याची त्याची खोडही त्याच कारणांतून येते.

थेंबाहूनही कमी

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबून तिचे आकारमान साधारण सतराव्या हिश्श्यावर आणले, की ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा उडवला, की तो आपसूक पेटतो. हा फवारा उडवण्याचे काम नोझलचे आणि त्यासाठी लागणारा दाब निर्माण करण्याचे काम पंपाचे. नेहमीच्या ट्रॅक्टरमध्ये नोझल उघडते ते सुमारे २०० ते २५० बार दाबाला, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपट दाबाला.

मात्रा किती लागते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर तासाला सहा लिटर डिझेल पीत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला तासात साठ हजार वेळा फवारा मिळतो. एका फवाऱ्याच्या वाट्याला येते सुमारे ३३ घन मिलिमीटर डिझेल. पाण्याचा एक थेंब याहून मोठा असतो. एवढी अल्प मात्रा, एवढ्या दाबाने आणि अचूक वेळी पोहोचवायची, तर पंपातील दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनपेक्षा अधिक असून चालत नाही. माणसाचा केस याच्या वीसपट जाड भरतो. साहजिकच, डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही या यंत्राला ओरखडा पाडू शकतो.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले, तेव्हा त्यांना असा पंप साधलेला नव्हता. दाबलेल्या हवेच्या झोताने ते इंधन आत ढकलत. त्यासाठी लागणाऱ्या अवजड कॉम्प्रेसरमुळे ते इंजिन कारखान्यात आणि जहाजातच शोभत होते. बॉश कंपनीने १९२७ पासून इंधनपंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिनाचा मालमोटार व ट्रॅक्टरपर्यंतचा मार्ग मोकळा झाला. भारतात याच कंपनीची शाखा १९५१ साली बंगळुरूमध्ये 'मोटर इंडस्ट्रीज कंपनी' अर्थात 'मायको' या नावाने उभी राहिली. २००८ मध्ये कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, पण गावोगावचे मिस्त्री आजही 'मायकोचा पंप' असेच म्हणतात. नाशिककरांना तर वेगळे सांगायला नको. नोझल बनवणाऱ्या सातपूरच्या कारखान्यावरून शहरातल्या एका चौकाचेच नाव 'मायको सर्कल' पडले आहे.

दोष शोधताना सोयीसाठी या व्यवस्थेचे दोन भाग मानावेत. टाकी, नळ्या, फीड पंप आणि फिल्टर हा कमी दाबाचा भाग. मुख्य पंप, पोलादी नळ्या आणि नोझल हा उच्च दाबाचा. पहिला भाग स्वस्त, उघडा आणि साध्या पान्याने तपासता येणारा आहे; दुसरा महाग, बंदिस्त आणि टेस्ट बेंचवाल्या दुकानाचा. तपासणी पहिल्यापासून दुसऱ्याकडे व्हायला हवी. व्यवहारात मात्र ती उलट होते, आणि खर्च वाढतो तो तिथेच.

आधी धूर पाहावा

पाना हाती घेण्यापूर्वी सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण धूर अजिबात येत नाही, याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. पांढरा धूर निघतो पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल पोहोचते आहे, मात्र जळत नाही. मग थंडी, कमी झालेले कॉम्प्रेशन, बिघडलेले टायमिंग किंवा थेंब गाळणारे नोझल यांचा विचार करावा लागतो. या एका निरीक्षणाने निम्मा शोध संपतो. इंजिनच मुळात मंद फिरत असेल, तर दोष बॅटरीत आहे. तिथे डिझेलच्या नळ्या उघडून काहीही निष्पन्न होणार नाही.

चालू इंजिनातून निघणारा काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. यातली दुसरी शक्यता लोक विसरतात. अनेक ट्रॅक्टरांना तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असतो. मळणीच्या दिवसांत तो भुशाने आणि धुळीने इतका भरतो, की इंजिन गुदमरते, ओढ कमी होते आणि दोष मात्र पंपावर येतो. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. त्याचा डिझेलच्या व्यवस्थेशी बहुधा संबंध नसतो.

धूर मुळीच नसेल, तर सर्वात आधी इंजिन बंद करण्याची दांडी पाहावी. ती ओढलेलीच राहिली, किंवा तिची केबल गंजून अडकली, तर पंप डिझेल सोडत नाही. ज्या ट्रॅक्टरमध्ये हे काम विजेच्या सोलेनॉइडने होते, तिथे चावी फिरवल्यावर 'टक्' असा आवाज येतो का ते ऐकावे. हे लिहिण्याइतके महत्त्वाचे आहे का, असे वाटेल. पण केवळ एवढ्यासाठी दहा-बारा किलोमीटरवरून मिस्त्री आणल्याचे किस्से कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात.

टाकीपासून पंपापर्यंत

टाकीतून जेवढे डिझेल जाते, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला एक बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले, किंवा हरवलेल्या झाकणाऐवजी प्लास्टिकची पिशवी गच्च बांधली, की टाकीत निर्वात पोकळी तयार होऊ लागते. ट्रॅक्टर व्यवस्थित सुरू होतो, थोडा वेळ चालतो आणि मग तहानल्यासारखा बंद पडतो. थोडा वेळ थांबून पुन्हा लावला, तर पुन्हा चालतो. हे लक्षण दिसले, की बंद पडताक्षणी झाकण सैल करावे. 'सुस्स' असा आवाज येऊन हवा आत शिरली, तर छिद्र साफ करण्यापलीकडे काही करायचे नाही.

जवळजवळ असेच लक्षण टाकीत पडलेल्या कचऱ्याचेही असते. पाने, चिंध्या, झाकणाखालच्या रबराचे तुकडे डिझेलबरोबर वाहत येऊन टाकीच्या तोंडाशी बसतात, इंजिन थांबले की तरंगत दूर जातात. फरक असा, की इथे झाकण उघडूनही काही बदलत नाही.

नळी अडली आहे, की पुढे काही बिघडले आहे, हे ठरवण्यासाठी जाणते मिस्त्री एक साधी युक्ती वापरतात. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेऊन तो डबा इंजिनापेक्षा उंच टांगायचा आणि त्याची नळी टाकीऐवजी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडायची. आत शिरलेली हवा काढून ट्रॅक्टर लावायचा. तो पूर्ण ताकदीने चालला, तर दोष टाकी ते फीड पंप यांच्या दरम्यान आहे. तरीही रडतच राहिला, तर पुढे सरकायचे. एका डब्याने निम्मी व्यवस्था संशयातून मोकळी होते.

त्यानंतर फिल्टर. बऱ्याच ट्रॅक्टरांना एकामागून एक असे दोन फिल्टर असतात; पहिला जाडसर कचरा अडवतो, दुसरा बारीक. फिल्टर तुंबला की इंजिन रिकामे असताना नीट चालते. नांगराचे किंवा रोटाव्हेटरचे ओझे पडले की मात्र दम सोडते. याचे कारण उघड आहे. मंद गतीला लागणारे थोडे डिझेल तुंबलेल्या कागदातूनही झिरपते, ओझ्याला लागणारे झिरपत नाही. फिल्टर बदलण्याची मुदत हँडबुकात तासांत दिलेली असते. ती मोजणारे अवर मीटर मात्र अनेक ट्रॅक्टरांवर बंद पडलेले आढळते. जुना फिल्टर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची सवयही सार्वत्रिक आहे. धुण्याने कागदाची छिद्रे मोठी होतात आणि फिल्टर असूनही नसल्यासारखा होतो. नवा फिल्टर बसवताना तो कॅनमधल्या न गाळलेल्या डिझेलने काठोकाठ भरणे हीही तितकीच घातक सवय. ते डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडले, तर त्यातला कचरा थेट पंपात जातो.

न दिसणारी गळती

'ट्रॅक्टरने हवा धरली' हा शब्दप्रयोग शेतकऱ्यांच्या तोंडी आहे आणि तो शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पंपात हवेचा बुडबुडा शिरला, की दट्ट्याचा सारा जोर तो बुडबुडा आकसण्यात खर्च होतो आणि नोझल उघडतच नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली किंवा फिल्टर बदलला, की हवा शिरणारच. ती काढली की प्रश्न मिटतो. फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करून हाताने फीड पंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. त्यानंतर हेच मुख्य पंपावरच्या स्क्रूपाशी करायचे.

हवा काढल्यावर ट्रॅक्टर चालला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच तक्रार आली, तर मात्र कुठून तरी ती रोज आत येते आहे. फीड पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या अलीकडच्या नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. जमिनीवर डाग नाही, नळी ओली नाही, म्हणून सारे ठीक आहे असा समज होतो. रात्रभरात नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. मिस्त्री अशा वेळी फीड पंपानंतर पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडतात. बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग मागे जात एकेक सांधा तपासायचा. बहुतेक वेळा दोषी ठरतो तो बोल्टखालचा तांब्याचा वायसर. एकदा दाबून बसलेला वायसर पुन्हा वापरला, की तो नीट बसत नाही.

पाणी आणि भेसळ

पावसाळ्यात, विशेषत: कोकणात, अर्ध्या रिकाम्या टाकीतली दमट हवा रात्री गार होते आणि पाण्याचे थेंब आतल्या पत्र्यावर जमतात. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो. फिल्टरच्या भांड्यात तो सापडला, तर टाकी उतरवून धुण्याखेरीज इलाज नाही. दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवणे आणि सकाळी इंजिन लावण्यापूर्वी भांड्याच्या तळाचा स्क्रू सोडून थोडे डिझेल काढून टाकणे, एवढ्याने हा त्रास बराचसा टळतो. डिझेलबद्दल शंका असेल, तर ते काचेच्या बाटलीत दोन-तीन तास स्थिर ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. शेतावर बॅरलमध्ये साठा करणाऱ्यांनी बॅरल एक दिवस न हलवता ठेवावे आणि तळाचे चार बोटे डिझेल कधीही ट्रॅक्टरमध्ये ओतू नये.

रॉकेलची भेसळ हा अधिक गंभीर प्रकार. पंपातील दट्ट्यांना वेगळे वंगण नसते. जे डिझेल त्यांतून जाते, तेच त्यांचे वंगण. रोटरी जातीचा पंप तर आतून-बाहेरून डिझेलवरच अवलंबून असतो. रॉकेलमध्ये हा वंगणाचा गुण फार कमी असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या आत आणले गेले. गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणगुणही कमी होतो. तो भरून काढण्यासाठी त्यात आवश्यक घटक मिसळले जातात. अशा डिझेलमध्ये रॉकेल मिसळले, की हे सारे गणित कोलमडते. भेसळीच्या धंद्यात किती हिंस्र हितसंबंध गुंतलेले आहेत, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळीचा संशय आल्याने चौकशीसाठी थांबलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. पेट्रोल पंपावर डिझेलची घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो बजावावा आणि पावती जपून ठेवावी.

नोझलची परीक्षा

इंजिन एका लयीत न चालता 'मिसिंग' मारत असेल, तर बहुधा एखादे नोझल बिघडलेले असते. यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात इंजिन मंद गतीवर ठेवून एकेका नोझलच्या नळीची चाकी किंचित सैल केली जाते. सैल करताच इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथेच आहे. मग तेथील नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागीच राहिला तर व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन किंवा पंपाचा तो विशिष्ट भाग. नोझलचे दाब व फवारा तपासणारे हातपंपाचे यंत्र तालुक्याच्या दुकानात असते. फवारा धुक्यासारखा यावा, पिचकारीसारखा नव्हे, आणि टोकाशी थेंब लोंबता कामा नये.

हे काम मिस्त्रीचे आहे, हौसेचे नव्हे. नोझलमधून सुटणारा फवारा कातडी भेदून शरीरात शिरू शकतो. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. पण आत शिरलेले डिझेल पेशी नष्ट करत जाते आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, हात कधीही फिरवू नये. असा अपघात झाल्यास हळद लावून घरी न थांबता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि दाबाखालचे डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पंप सर्वात शेवटी

आतापर्यंतचे सारे तपासून झाले आणि तक्रार कायम राहिली, तरच पंपाकडे वळावे. पंपाची म्हणून काही लक्षणे आहेत. सकाळी गार असताना ट्रॅक्टर लगेच लागतो, पण दुपारी तापल्यावर बंद केला की पुन्हा लागत नाही. हे झिजलेल्या पंपाचे जुने लक्षण. तापलेले पातळ डिझेल वाढलेल्या फटीतून निसटते आणि दाब तयार होत नाही. इंजिन बंद ठेवून पंपावर ओले फडके काही वेळ गुंडाळले आणि मग इंजिन लागले, तर संशय बळावतो. दुसरे लक्षण अधिक तातडीचे. डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर फीड पंपाचा पडदा, मुख्य पंपाचे सील किंवा गळके नोझल डिझेल ऑइलमध्ये सोडत आहे. असे ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही. ट्रॅक्टर तिथेच थांबवावा, शेताच्या बांधापर्यंतही चालवू नये.

पंपाच्या सीलबद्दलही बोलायला हवे. कमाल डिझेल किती सोडायचे, हे कारखान्यात ठरवून तो स्क्रू सीलबंद केलेला असतो. ऊस वाहतुकीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढता याव्यात, म्हणून तो सील तोडून डिझेल वाढवून देणारे ठिकठिकाणी आहेत. ओढ वाढते, हे खरे. पण त्याबरोबर काळा धूर, जास्तीचे डिझेल आणि जळके पिस्टनही पदरात पडतात, आणि वॉरंटी त्याच दिवशी संपते.

पंप उतरवायचाच असेल, तर आधी बाहेरून स्वच्छ धुवावा, टायमिंगच्या खुणा पाहून ठेवाव्यात आणि उघड्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिकची टोपणे लावावीत. चिंधी कोंबू नये, तिचे धागे आत राहतात. दुकानदाराकडे टेस्ट बेंचवरचे दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे लिहून मागावेत. प्रत्येक सिलिंडरला जाणाऱ्या मात्रेचे हे आकडे आधीच बरोबर असतील, तर पंपाला हात लावू न देता तो तसाच परत आणावा.

पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे 'ट्रेम-४' निकष लागू झाले आणि त्यांच्यात संगणकनियंत्रित 'कॉमन रेल' पद्धत आली. तिथला दाब दीड हजार बारच्याही पुढे जातो. वर सांगितलेली चाकी सैल करण्याची परीक्षा अशा इंजिनावर कदापि करू नये. दोष कंपनीच्या उपकरणाने वाचावा लागतो. मालकाच्या हाती टाकी, फिल्टर आणि पाण्याचे भांडे तेवढे उरते. पाण्याचा इशारा देणारा दिवा लागल्यावर 'हा तास संपवून बघू' असे म्हणत चालवलेल्या ट्रॅक्टरचे पंप आणि नोझल दोन्ही एकदमच बदलावे लागू शकतात. त्याहून लहान, म्हणजे बहुसंख्य शेतकऱ्यांकडे असलेल्या ट्रॅक्टरांत मात्र अजून जुना यांत्रिक पंपच दिसतो. गावाकडून पुढचा फोन येईल, तेव्हा पैसे पाठवण्यापूर्वी दादाने विचारावे, टाकीचे झाकण उघडून पाहिले का?